पायाखालचा रस्ता

सव्वीस वर्षं सांगत आलो,
क्लूनफार्ना ते ड्रमसिला, रस्ता माझ्या पायाखालचा.
साफ खोटं.
पायाखाली क्लच होता, ब्रेक होता,
आणि पाठीमागे टाकीत डचमळणारं
बावीस गोठ्यांचं दूध.

आज छातीवर चार पिना, नंबर एकशे सदुसष्ट.
पिना लावून दिल्या पोस्टातल्या ॲट्रॅक्टाने.
"पडलास तर पडूनच राहा," म्हणाली,
"उगाच शूरासारखा उठू नकोस."
तिला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे.
फेब्रुवारीत डेअरीच्या अंगणात आलेली फिट,
आणि मग मीच पाकिटात घालून, तिकीट लावून,
तिच्याच खिडकीतून परत पाठवलेलं लायसन.

डॉक्टरची अट : एकट्याने धावायचं नाही.
म्हणून शेजारची म्युरन, वय सतरा,
डोळ्यांत तेल घालून दोन पावलं मागे.
सावलीसारखी म्हटलं असतं,
पण सावलीला ऊन लागतं,
आणि इथे सकाळपासून आभाळ
ओल्या गोणपाटासारखं टेकलंय छपरांवर.

गुरांच्या बाजारापासून सुरुवात.
शिट्टी फुटबॉलच्या रेफरीची. सवयीने त्याने हातही वर केला,
जणू आम्ही तीनशे जणांनी मिळून फाउल केलाय.

पहिल्या मैलातच सगळे पुढे गेले,
बाळाची गाडी ढकलणारी बाईसुद्धा.
जाऊ देत.
डॉनहीच्या वळणावर चढ आहे
हे मला आज कळलं.
गाडी तिथे तिसऱ्या गिअरवर कण्हायची,
मी समजायचो, म्हातारी झाली.
मलिनबेगच्या मोरीखालून पाणी वाहतं, त्याला आवाज आहे.
कुंपणात ब्लॅकबेरी पिकल्यात, कुणी तोडत नाही.
आणि रस्त्याच्या मधोमध, डांबर फोडून, गवताची एक ओळ,
जिच्यावरून मी रोज दोनदा गेलो
आणि ती तरीही.

नवव्या मैलाला फीलिमने फाटक उघडलं.
गायी.
त्यांना नव्या कुरणात जायचं होतं, आत्ताच.
साठ गायी रस्ता ओलांडत राहिल्या
आणि आम्ही नऊ-दहा शेवटचे, कमरेवर हात ठेवून उभे.
आमच्या छातीवर नंबर, त्यांच्या कानात नंबर.
डब्लिनहून आलेला एक जण
घड्याळ थांबवायला विसरला आणि चिडला.
एका गायीने त्याचा दंड चाटला. मीठ.
फीलिम माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नव्या पोराने माझा खांब पाडला.
गाडी मागे घेता येत नाही त्याला."
मला बरं वाटलं.
वाटू नये. वाटलं.

अकराव्या मैलाला तो पोरगाच समोर.
नारिंगी शंकूंमागे अडवलेली गाडी, माझी, धुतलेली.
काचेआड त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं,
इथे उचलतात तसं, ओळख असो नसो.
माझंही उठलं,
हवेतल्या स्टिअरिंगवरून.
म्युरन म्हणाली, "ठीक आहेस ना?"
"घाम आहे," म्हणालो,
तिने विचारलं नव्हतं ते.

दोन तास छप्पन्न.
सभागृहात अंड्याची सँडविचेस संपत आलेली.
पदकावर मासा, सामन म्हणे, दिसतो बटाट्यासारखा.
चार जणांनी विचारलं, घरी सोडू का.
एरवी मी नाही म्हणतो.
आज पायांनी हो म्हटलं.

ॲट्रॅक्टाची छोटी गाडी, मी डावीकडे,
मांडीवर चुरगळलेला एकशे सदुसष्ट.
डॉनहीच्या वळणावर
माझा उजवा पाय आपसूक दाबला गेला
रिकाम्या मॅटवर.
तिने पाहिलं.
वेग कमी केला.